दगडाची धूळ आणि माणसाचा श्वास



आपल्यापैकीं ज्यांनीं वयाची पन्नाशी गांठली आहे, त्यांतील बहुतेकांनीं पहिलें अक्षर गिरविलें तें पाटीवर. लांकडी चौकटींतील ती काळी पाटी, ती पुसण्याचा ओला बोळा, आणि करड्या रंगाची, बोटभर लांबीची ती पेन्सिल! पेन्सिल बोथट झाली म्हणजे आपण ती दगडावर घांसून टोंकदार करीत असूं आणि उडालेला भुगा फुंकरीनें दूर करीत असूं. ही पेन्सिल कोठून येते, ती कोण तयार करतो, असा प्रश्न त्या वयांत कोणालाच पडला नसेल. आणि पुढें मोठेपणींही तो फारसा कोणास पडला नाहीं. आजच्या भाषणाचा प्रारंभ मी या भुग्यापासूनच करणार आहें.

पाटीवरची ही पेन्सिल करण्याचा एक मोठा उद्योग माळव्यांतील मंदसोर जिल्ह्यांत होता. तेथें एक मृदु, पापुद्र्यांचा दगड सांपडतो. तो खणून काढावयाचा, त्याचे तुकडे करावयाचे, आणि विजेवर फिरणाऱ्या गोल करवतीवर त्याच्या कांड्या पाडावयाच्या, असें या उद्योगाचें स्वरूप. करवत कोरड्या दगडावर चाले आणि पिठाच्या गिरणींत पीठ उडावें तशी धूळ उडे. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनीं या कामकऱ्यांची पाहणी केली व तिचे निष्कर्ष १९८५ सालीं प्रसिद्ध केले. सुमारें सहाशें कामकरी तपासले गेले. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोकांच्या फुप्फुसांत एका विशिष्ट रोगाचीं चिन्हें आढळलीं. त्या रोगाचें नांव सिलिकोसिस. आपल्या हातांतील पेन्सिलीचा भुगा आपण एका फुंकरीनें उडविला. तोच भुगा दुसऱ्या कोणाच्या तरी छातींत कायमचा जाऊन बसला होता.

सिलिका हें कांहीं दुर्मिळ विष नव्हे. नदीची वाळू, गारगोटी, अकीक, चकमकीचा दगड हीं सर्व तिचींच रूपें. पृथ्वीच्या कवचांत ती इतकी विपुल आहे कीं, आपण तिच्यावरून चालतों, तिनें घरें बांधतों आणि तिचीच कांच करून खिडक्यांना लावतों. नदीच्या वाळवंटांत खेळणाऱ्या मुलाला वाळूपासून कांहीं इजा होत नाहीं. मग हीच सिलिका खाणींत किंवा करवतीखालीं प्राणघातक कां ठरावी?

याचें उत्तर कणाच्या आकारांत आहे. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील एका भागाला मायक्रॉन म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणें पन्नास ते शंभर मायक्रॉन असते. वाळूचा कण केसाहूनही जाड. तो श्वासावाटे आंत गेलाच तर नाकांत वा घशांत अडकतो आणि शिंकेबरोबर किंवा कफाबरोबर बाहेर पडतो. परंतु दगड वेगानें कापला, फोडला वा घांसला गेला म्हणजे पांच मायक्रॉनांहूनही लहान कण उत्पन्न होतात. ते डोळ्यांना दिसत नाहींत, तासन् तास हवेंत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदीं तळाशीं, जेथें रक्ताला प्राणवायु मिळतो त्या सूक्ष्म कोशांपर्यंत, जाऊन पोंचतात.

या कोशांत निसर्गानें पहारेकरी ठेवले आहेत. भक्षक पेशी हें त्यांचें नांव. बाहेरून जंतु वा कचरा आला कीं त्या त्याला गिळतात आणि त्याचा निकाल लावतात. सिलिकेचा कणही त्या गिळतात. पण तो पचत नाहीं. उलट त्याच्या संसर्गानें पेशीच मरते आणि तिच्यांतील दाहक द्रव्यें आजूबाजूला सांडतात. मोकळा झालेला कण दुसरी पेशी गिळते, तीही मरते. असा हा क्रम वर्षानुवर्षें चालतो. या दाहाला उत्तर म्हणून शरीर तेथें तंतुमय ऊति निर्माण करूं लागतें; जखमेवर जसा वण धरतो तसाच हा प्रकार. फुप्फुसांत अशा वणांच्या लहान लहान कठीण गांठी होतात, पुढें त्या एकमेकींत मिसळतात, आणि जें फुप्फुस स्पंजासारखें लवचिक असावयाचें तें आंखडून जातें. मग जिना चढतांना धाप लागते, पुढें सपाट रस्त्यावर लागते, आणि शेवटीं अंथरुणावर पडल्या पडल्याही श्वास पुरत नाहीं. धुळीचें काम सोडलें तरी हा रोग पुष्कळदां वाढतच राहतो. तो बरा करणारें औषध आजपर्यंत सांपडलेलें नाहीं. इतकेंच नव्हे, तर १९९७ सालीं कर्करोगाच्या संशोधनासाठीं असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें श्वासावाटे जाणारी ही स्फटिकरूप सिलिका मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करते, असाही निर्णय दिला.

येथें कोणी विचारील कीं, एवढा भयंकर रोग आणि एवढें उघड कारण, तर मग तो केव्हांच नाहींसा कां झाला नाहीं? माझ्या मतें या प्रश्नांतच आजच्या विषयाचें सार आहे. काम आणि आजार या दोहोंमध्यें कांहीं पडदे असतात. पहिला पडदा अदृश्यतेचा: जी धूळ दिसते ती मारीत नाहीं आणि जी मारते ती दिसत नाहीं. दुसरा पडदा काळाचा: आज घेतलेल्या श्वासाचें फळ बहुधा दहा, वीस वा त्याहून अधिक वर्षांनीं दिसतें. तिसरा पडदा सारखेपणाचा: खोकला, धाप आणि क्षीणता हीं क्षयाचींही लक्षणें, त्यामुळें एका रोगाला दुसऱ्याचें नांव मिळतें. आणि चौथा पडदा अंतराचा: रोगी थकला कीं काम सोडून आपल्या गांवीं जातो, आणि त्याचा मृत्यु कारखान्याच्या वहींत नोंदला जात नाहीं. व्यवसायजन्य रोगांवरील संशोधनाचा इतिहास हा एका दृष्टीनें हे पडदे एकेक करून दूर सारण्याचा इतिहास आहे.

रोगाची जाणीव फार जुनी आहे. जर्मन वैद्य अग्रिकोला यानें खाणविद्येवर लिहिलेला ग्रंथ त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षीं, म्हणजे १५५६ सालीं, प्रसिद्ध झाला. कार्पेथियन पर्वतांतील खाणींच्या प्रदेशांत सात सात वेळां लग्न करण्याचा प्रसंग आलेल्या स्त्रिया आढळतात, कारण त्यांचे पति एकामागून एक छातीच्या विकारानें जातात, अशी नोंद त्यानें केली आहे. पुढें सतराव्या शतकांत डीमरब्रूक या डच वैद्यानें कांहीं मृत पाथरवटांची शवचिकित्सा केली, तेव्हां फुप्फुस कापतांना सुरी वाळूच्या ढिगांतून चालली आहे असा त्याला भास झाला.

परंतु या ज्ञानाला शास्त्राचें रूप दिलें तें इटलींतील मोदेना येथील वैद्य बर्नार्दिनो रामात्सीनी यानें. त्याच्या घरासमोर एकदां मैलाचा हौद उपसण्याचें काम चाललें होतें. एक कामकरी अत्यंत घाईनें काम करीत आहे हें पाहून रामात्सीनीनें त्याला इतकी घाई कां, असें विचारलें. त्यावर त्या मनुष्यानें सांगितलें कीं, चार तासांहून अधिक वेळ येथें राहणें म्हणजे आंधळें होणें आहे. वैद्यानें त्याचे डोळे पाहिले. ते लाल आणि मंद झालेले होते. मग त्यानें गांवांतील इतर मैला उपसणारे पाहिले, आणि त्यांतील कित्येक अंध होऊन भीक मागत असल्याचें त्याला आढळलें. या प्रसंगापासून त्यानें एकेका धंद्याचे रोग पाहण्यास प्रारंभ केला आणि १७०० सालीं त्याचा प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. रोग्याला विचारावयाचे अनेक प्रश्न पूर्वीपासून ठरलेले होतेच. त्यांत रामात्सीनीनें एका प्रश्नाची भर घातली. तो प्रश्न असा: तूं काम काय करतोस? या संशोधनाचा उगम कोणत्याही यंत्रांत नसून एका कामकऱ्याला आदरानें विचारलेल्या प्रश्नांत आणि त्याच्या उत्तरावर ठेवलेल्या विश्वासांत आहे, हें आपण लक्षांत ठेवावें.

प्रश्नानंतरची पायरी मोजणीची. इंग्लंडांतील शेफील्ड शहर चाकू-कात्र्यांसाठीं विख्यात. तेथें वालुकाश्माच्या फिरत्या चक्रांवर पातीं घांसून त्यांना धार लावीत. टेबलावरच्या सुऱ्यांचें काम ओल्या चक्रावर चाले, तर काट्यांचें काम कोरड्या चक्रावर. १८३० च्या सुमारास नाइट नांवाच्या डॉक्टरानें या कारागिरांच्या आयुर्मानाकडे लक्ष वेधलें. ओल्या चक्रावर काम करणारे चाळीस-पन्नास वर्षें जगत, आणि कोरड्या चक्रावरचे अठ्ठावीस ते बत्तीस वर्षांच्या आंत मरत. गांव एक, धंदा एक, अन्न-पाणी एक. अंतर होतें तें केवळ चक्रावर पडणाऱ्या पाण्याचें. निसर्गानें जणूं एक प्रयोगच मांडून ठेवला होता. या रोगाचें कारण काय आणि उपाय काय, हीं दोन्हीं उत्तरें जवळजवळ दोनशें वर्षांपूर्वीं त्या आंकड्यांत स्पष्ट दिसत होतीं.

तथापि त्याच शहरांत दुसरीही एक गोष्ट दिसून आली, आणि ती आपणांस अंतर्मुख करणारी आहे. धूळ ओढून घेणारे पंखे उपलब्ध झाले तेव्हां कित्येक कारागिरांनींच त्यांना विरोध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, माणसें अधिक वर्षें जगलीं तर हात वाढतील, आणि हात वाढले म्हणजे मजुरी उतरेल. मृत्यूचा धोका हीच त्यांच्या वेतनाची किंमत होऊन बसली होती. अशा मनुष्याला अज्ञानी म्हणून हिणविणें सोपें आहे. परंतु दोन वाईटांतून एक पत्करावयाचें अशी वेळ ज्याच्यावर आली, त्याच्या निवडीचा दोष एकट्या त्याच्या माथीं मारतां येत नाहीं.

पुढें १८८२ सालीं रॉबर्ट कॉख यानें क्षयाचा जंतु शोधून काढला. वैद्यकाच्या इतिहासांतील हा एक थोर शोध. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला कीं, छातीच्या दीर्घ दुखण्याचें एकच कारण मानण्याकडे वैद्यांचा कल झाला. जेथें तेथें जंतु दिसूं लागला आणि धूळ विस्मरणांत गेली. वस्तुतः या दोहोंचें नातें निकटचें आहे. सिलिकेनें भक्षक पेशी दुबळ्या केल्या म्हणजे क्षयाच्या जंतूला दार मोकळें मिळतें. म्हणून दगडाच्या धुळींत काम करणाऱ्याला क्षय होण्याचा संभव इतरांपेक्षां पुष्कळ अधिक असतो. अशा रोग्याला नुसतें क्षयाचें औषध देऊन पुन्हां त्याच करवतीपुढें उभें करणें म्हणजे रेड्याला दुखणें आणि पखालीला डाग, अशांतला प्रकार होय.

धुळीकडे लक्ष पुन्हां वळलें तें दक्षिण आफ्रिकेंतील सोन्याच्या खाणींमुळें. ट्रान्सवालमधील सोनें गारगोटीच्या खडकांत आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें दाबलेल्या हवेवर चालणारीं छिद्रयंत्रें आलीं. १८९९ सालीं बोअर युद्ध सुरू झालें, खाणी बंद पडल्या आणि इंग्लंडांतील कॉर्नवॉल प्रांतांतून गेलेले खाणकामगार घरीं परतले. युद्ध संपल्यावर खाणी पुन्हां चालू झाल्या, तेव्हां छिद्रयंत्रांवर काम करणाऱ्या जुन्या माणसांपैकीं पुष्कळजण मरण पावल्याचें उघडकीस आलें. १९०२ मध्यें तेथें चौकशी-मंडळ नेमण्यांत आलें. इकडे कॉर्नवॉलमध्यें जे. एस्. हाल्डेन या शास्त्रज्ञानें खाणकामगारांच्या आरोग्याची पाहणी केली आणि १९०४ सालीं तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. मृत्यूच्या नोंदी कामाच्या प्रकाराशीं ताडून पाहिल्या असतां दोष यंत्रानें उडणाऱ्या दगडाच्या धुळीकडे जातो, असें दिसून आलें. खाण आफ्रिकेंत आणि मृत्यु इंग्लंडांत. दोहोंमधला अंतराचा पडदा दूर झाला तो गांवच्या मृत्युनोंदींमुळें. छिद्राच्या टोंकाशीं पाणी सोडणारीं यंत्रें तोंवर निघालीं होतीं. त्यांचा वापर वाढूं लागला. दक्षिण आफ्रिकेंत १९११-१२ मध्यें या रोगाच्या भरपाईचे कायदे झाले, १९३० सालीं जोहान्सबर्ग येथें सिलिकोसिसवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि १९३४ च्या आंतरराष्ट्रीय करारानें तो भरपाईस पात्र अशा व्यवसायजन्य रोगांच्या यादींत आला.

ज्याच्यावर एवढी चर्चा झाली, तें ज्ञान सर्वत्र उपयोगांत आलें असेल असें आपणांस वाटेल. परंतु जोहान्सबर्गला परिषद भरली त्याच वर्षीं अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांत हॉक्स नेस्ट येथें डोंगरांतून एक बोगदा खणण्यास प्रारंभ झाला. बोगद्याचा बराच भाग जवळजवळ शुद्ध सिलिकेच्या खडकांतून जात होता. काम झपाट्यानें उरकावयाचें म्हणून छिद्रें कोरडींच पाडलीं जात. मजूर बहुतांशीं दक्षिणेकडून पोटासाठीं आलेले कृष्णवर्णीय लोक. कांहीं महिन्यांतच माणसें धापा टाकूं लागलीं. १९३६ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें किमान ४७६ मृत्यूंचा आंकडा आला. पुढें १९८६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत डॉ. मार्टिन चर्निअक यांनीं तो ७६४ असावा असा अंदाज केला. तेथें अभाव ज्ञानाचा नव्हता. पाण्याला वेळ लागतो आणि वेळेला पैसा पडतो, एवढेंच काय तें कारण.

आतां आपण आपल्या देशाकडे वळूं. कोलारच्या सोन्याच्या खाणींतील हजारों कामगारांची तपासणी होऊन १९४७ सालीं जो वृत्तान्त प्रसिद्ध झाला, त्यांत शेंकडा चाळीसांहून अधिक लोकांत सिलिकोसिस आढळल्याचें नमूद आहे. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें या रोगाचा अंतर्भाव ज्यांची वर्दी सरकारला दिलीच पाहिजे अशा रोगांत केला होता. परंतु कायदा कारखान्याच्या दारापर्यंत जातो. घराच्या उंबरठ्यावर तो थबकतो. गुजरातेंत खंबायत येथें अकीकाचे मणी घांसण्याचा धंदा शतकानुशतकें घरोघरीं चालत आला आहे. अकीक म्हणजे जवळजवळ सर्वस्वीं सिलिका. चाक घराच्या पडवींत, आणि त्याच पडवींत मूल खेळतें, चूल पेटते, शेजारीण येऊन बसते. येथें कामाची जागा आणि राहण्याची जागा यांत भेदच उरत नाहीं. म्हणून घांसणाऱ्यांखेरीज त्यांच्या घरच्या आणि शेजारच्या माणसांचीही पाहणी करणें संशोधकांना भाग पडलें. धंद्याचा रोग हा भोंवतालच्या वस्तीचाही रोग होऊं शकतो, हें खंबायतेनें शिकविलें.

अंतराचा पडदा किती जाड असतो, याचें उदाहरण तर आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या सीमेला लागूनच आहे. मध्य प्रदेशांतील अलिराजपूर, झाबुआ या भागांतील आदिवासी दुष्काळाच्या दिवसांत गुजरातेंत गोध्रा, बालासिनोर येथें गारगोटीची पूड करणाऱ्या गिरण्यांत मजुरीला जात. कांच करण्यासाठीं ही पूड लागते. माणसें कांहीं महिने काम करून घरीं परत येत आणि मग आपल्या पाड्यांवर एकामागून एक मरत. गिरणीच्या हजेरीपटावर त्यांचें नांव बहुधा नसे. अशा वेळीं गांवोगांव हिंडून, कोण कोठें कामाला गेला होता आणि केव्हां वारला याच्या याद्या करणें, हेंच संशोधन ठरलें. त्या याद्यांच्या आधारें राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानें २०१० सालीं २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकीं तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली, आणि २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तसा आदेश दिला. सहा वर्षें आदेशाची वाट पाहण्यांत गेलीं. आणि जे गेले ते तर गेलेच.

येथवर मी ज्या धंद्यांविषयीं बोललों ते आपल्या घरापासून दूर आहेत, असें कोणास वाटेल. तेव्हां शेवटीं मी आपणांस आपल्याच स्वयंपाकघरांत नेतों. सर्व दगड सारखे नसतात. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणांत मोकळी सिलिका अगदीं थोडी असते. संगमरवरांतही ती थोडीच. ग्रॅनाइटमध्यें ती साधारणपणें चौथाई ते तिसरा हिस्सा असते, आणि वालुकाश्मांत त्याहून पुष्कळ अधिक. परंतु अलीकडे ओट्यासाठीं ‘क्वार्ट्झ’ या नांवानें जो कृत्रिम दगड मिळतो, तो गारगोटीचा चुरा राळेसारख्या द्रव्यांत घट्ट बसवून केलेला असतो आणि त्यांत सिलिकेचें प्रमाण बहुधा शेंकडा नव्वदांहून अधिक असतें. तयार ओटा निरुपद्रवी आहे. त्यावर पोळ्या लाटणाऱ्या गृहिणीला त्यापासून कांहीं भय नाहीं. भय आहे तें तो कापणाऱ्याला. २०१२ सालीं इस्रायलमधील डॉक्टरांनीं फुप्फुस बदलण्याच्या केंद्रांत आलेल्या अशा २५ कारागिरांची हकीकत प्रसिद्ध केली. पुढें ऑस्ट्रेलियांत तरुण कारागिरांत हाच रोग मोठ्या प्रमाणांत आढळला, आणि त्या देशानें १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदी घातली. अग्रिकोलाच्या काळचा रोग नव्या वस्तूचें रूप घेऊन परत आला, आणि पाटीच्या पेन्सिलीनें आरंभ झालेली कथा ओट्यापर्यंत येऊन ठेपली.

मग उपाय कोणते? पहिला आणि सर्वांत उत्तम उपाय म्हणजे घातक वस्तूच्या जागीं निरुपद्रवी वस्तु आणणें. शेफील्डचीं वालुकाश्माचीं चक्रें पुढें कृत्रिम कार्बोरंडमच्या चक्रांपुढें मागें पडलीं. इंग्लंडांतील चिनी मातीच्या कारखान्यांत भांडीं भट्टींत रचतांना गारेची पूड वापरीत. १९४७ च्या नियमांनीं ती बंद होऊन तिच्या जागीं अॅल्युमिनाची पूड आली. दुसरा उपाय पाण्याचा: जेथें करवतीचें पातें दगडाला लागतें नेमक्या तेथें पाण्याची धार असली पाहिजे. तिसरा उपाय, धूळ उत्पन्न होते तेथूनच ती ओढून घेणारा पंखा बसविणें. मुखवटा हा शेवटचा उपाय होय, पहिला नव्हे. आणि तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा व सूक्ष्म कण अडविणारा असला पाहिजे. नाकाला बांधलेला रुमाल किंवा उपरण्याचें टोंक दिसणारी धूळ अडवितें आणि न दिसणारी आंत सोडतें. म्हणजे तें मनाला धीर देतें, छातीला नाहीं.

आपल्या इमारतींत फरशी किंवा ओटा बसविण्याचें काम निघतें, तेव्हां एखादा वीस-बावीस वर्षांचा मुलगा जिन्याच्या कोपऱ्यांत बसून विजेच्या चक्रानें कोरडाच दगड कापीत असतो आणि त्याच्या पापण्यासुद्धां पांढऱ्या झालेल्या असतात. आपण नाकावर पदर वा रुमाल धरून तेथून लगबगीनें जातों. आपला त्रास मिनिटाचा असतो, त्याचा आयुष्याचा. काम ठरवितांना ठेकेदाराला, दगड ओला करूनच कापला जाईल, अशी अट घालणें आणि त्यासाठीं लागणारा थोडा अधिक वेळ व पैसा आपण सोसणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे. साचलेली धूळ कोरड्या केरसुणीनें झाडूं नये, ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी. कारागिरानें धुळीचे कपडे तसेच घरीं नेऊं नयेत. तीच धूळ त्याच्या लेंकरांच्या अंथरुणापर्यंत जाते.

आणि माझे जे वैद्यकबंधु हें भाषण ऐकत असतील, त्यांना माझी एकच विनंति आहे. खोकल्यानें जर्जर झालेला रोगी आपल्यापुढें आला म्हणजे त्याच्या छातीचें चित्र घ्यावें, थुंकी तपासावी, क्षयाचें औषधही जरूर द्यावें. परंतु त्यापूर्वीं रामात्सीनीचा तो प्रश्न त्याला विचारावा आणि त्याचें उत्तर रोग्याच्या कागदावर लिहून ठेवावें. आज काय करतोस एवढेंच न विचारतां, पूर्वीं काय काय करीत होतास, कोठें करीत होतास आणि किती वर्षें, हेंही विचारावें. असे हजारों कागद एकत्र आले म्हणजेच कोणती वस्तु कोणाला कोठें मारीत आहे हें कळतें. आणि तें कळल्यावांचून ना कायदा होतो, ना भरपाई मिळते, ना करवतीवर पाण्याची धार सुरू होते.